नेणाऱ्यानं सोडायचं

माझी स्कूटी कोणीतरी सुरूच्या झाडाला बांधून ठेवली होती. गाय बांधावी तशी, हँडलला एक दोर आणि मागच्या चाकाला एक. नोकरीचा पहिला दिवस, सकाळी तलासरीहून धूळ खात आलेली, संध्याकाळी घरी जायची घाई, आणि गाठ काही केल्या सुटेना. नखं तुटली. दातांनी ओढून पाहिली. शेवटी माझं डोकं फिरलं, आणि माझं डोकं फिरायला फारसं काही लागत नाही हे माझ्या घरचे कोणीही सांगतील. हा आगाऊपणा कोणाचा म्हणून मी मैदानभर विचारत सुटले, तर तंबूच्या सावलीत बसलेला एक काटकुळा म्हातारा शांतपणे म्हणाला, “मी बांधली. वारा सांगून येत नाय.”

मग सोडा, मी म्हटलं. तर म्हणे बांधणारा सोडत नाही, नेणारा सोडतो. एवढं बोलून ते पुन्हा समुद्राकडे बघत बसले, जणू विषय संपला. मी अर्धा तास त्या स्कूटीभोवती घिरट्या घातल्या. कधी पुढून ओढ, कधी मागून, कधी मातीत बसून खालून. गाठ सुटली तेव्हा लक्षात आलं की मागच्या चाकात हवाच नाही. त्याबद्दलही मी त्या म्हाताऱ्यालाच मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि स्कूटी ढकलत पंक्चरवाल्याकडे गेले.

तर हे आमचे तांडेल, मूळचे डहाणूचेच. चाळीस वर्षं मासेमारीच्या होडीवर काढलेली, त्यातली निम्मी होडीचा मुख्य, म्हणजे तांडेल म्हणून. गुडघे गेले तेव्हा होडी पुतण्याकडे दिली आणि हे मैदानावर राखणीला आले. मैदान डहाणू आणि घोलवडच्या मध्ये, एका चिकूबागवाल्याचं, एका अंगाला समुद्र आणि तीन अंगांना बागा. मुंबईच्या एका कंपनीनं ते थंडीच्या दिवसांपुरतं भाड्यानं घेतलं होतं. पर्यटकांना छोट्या हेलिकॉप्टरमधून दहा मिनिटं फिरवायचं, वरून चिकूच्या बागा, समुद्र आणि लांबवर महालक्ष्मीचा डोंगर दाखवायचा, असा तो उद्योग. मी तिकिटाच्या टेबलावर. फोन घ्यायचा, तिकीट फाडायचं, भोंग्यावर नाव पुकारायचं आणि सेल्फीसाठी पंख्याकडे धावणाऱ्यांवर ओरडायचं. शेवटचं काम मला विशेष जमायचं.

तांडेल कोणाला नावानं हाक मारत नसत. समुद्रात दोन होड्या भेटल्या की आधी विचारतात कुठली होडी, नाव मागाहून, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माणूस जिथून आला ते त्याचं नाव. मी तलासरी. हेलिकॉप्टर चालवणारे मोठे कॅप्टन मुंबई. कंपनीचे मॅनेजर अंधेरी. जमिनीचे मालक घोलवड, आणि तेही या हाकेला ओ देत. लग्नाला चाळीस वर्षं होऊनही बायको त्यांच्या लेखी चिंचणीच होती. चिंचणी म्हणजे काकी, डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकायच्या आणि दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन मैदानावर यायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, काकी, तुम्हाला राग नाही येत? त्या म्हणाल्या, राग कसला, निदान दुसऱ्या गावचं नाव तरी तोंडात येत नाही.

बांधण्याचं वेड मात्र सोसवण्यापलीकडचं होतं. पाण्याच्या पिंपाचं झाकण बांधलेलं. खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे एक पाहुणा उठला की शेजारचा हलायचा. जेवणाचा डबा तंबूच्या खांबाला. चष्मा गळ्याला. माझं तिकीटबुक टेबलाच्या पायाला, हातभर सुतळीनं, तेही मी दोनदा सोडून टाकल्यावर तिसऱ्यांदा. मी चिडले की एकच उत्तर, बांधलं ते आपलं, सुटलं ते दर्याचं. कंपनीनं वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठीवर कापडाची नारिंगी नळी लावली होती. ती फडफडून फाटेल म्हणून तांडेलांनी तिचंही शेपूट खाली काठीला बांधून टाकलं. दोन दिवस मोठे कॅप्टन हैराण, समोर सुरूची झाडं झुलतायत आणि नळी म्हणते वारा शून्य. कारण कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग इतके हसले की खुर्चीवरून पडता पडता वाचले, खुर्ची बांधलेली होती म्हणून.

काकी म्हणायच्या, आमच्या लग्नातली गाठ तेवढी दुसऱ्यानं बांधली, भटजीनं. म्हणून ती सैल आहे अशी यांची आजवर तक्रार.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्यांची उमेदीची वर्षं गुजरातच्या बंदरांत गेली होती, त्यामुळे बोलण्यात अधूनमधून गुजराती यायची. एखादं काम अगदी मनासारखं झालं की ते मान हलवून म्हणत, “बराबर छे.” पण हे फार क्वचित. मोठ्या कॅप्टननी वादळी वाऱ्यात पीस ठेवावं तसं हेलिकॉप्टर उतरवलं तेव्हा एकदा म्हणाले. काकींच्या कोलंबीच्या कालवणाला एकदा. मला कधीच नाही. मी तिकिटांची रांग कितीही सरळ लावली तरी नाही, आणि खोटं कशाला सांगू, मी वाट बघायचे.

दुसऱ्या वर्षी हंगामाच्या मध्यावर सातारा आली. चोवीसची असेल, बुटकी, बूट चकाचक आणि डोळे सारखे वर. लायसन्स नवंकोरं, हेलिकॉप्टर उडवायचा अनुभव जेमतेम. तिला प्रवासी घेऊन उडायची परवानगी नव्हती. मोठे कॅप्टन शेजारी बसले की ती चालवायची, नाहीतर आमच्याबरोबर बसून चिकू खायची. वडील एसटीत ड्रायव्हर, तिच्या शिक्षणासाठी घरानं काय काय केलं ते ती सांगत नसे, पण रोज संध्याकाळी फोनवर वडिलांना त्या दिवशी किती मिनिटं उडाली ते सांगायची. ती मिनिटं ती कशी जपायची ते मी पाहिलंय. तिला आयुष्यात दुसरं काही करायचंच नव्हतं.

तांडेलांचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं. ती येऊन विचारायची, काका, वारा कुठला? ते नारिंगी नळीकडे ढुंकूनही न बघता किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींकडे बोट करायचे. बोंबलांची शेपटं सांगतात तसं नळीला येत नाही म्हणे. ती वहीत लिहून घ्यायची. मला वाटायचं ही पोरगी म्हाताऱ्याला चढवून ठेवतेय. पण ती खरंच लिहायची.

ज्या दिवशी ते झालं त्याच्या आदल्या दिवशी मोठ्या कॅप्टनचं पोट बिघडलं. घोलवडनी पाठवलेली चिकूची करंडी त्यांनी एकट्यानं संपवली होती, त्यामुळे कोणाला फारशी दया आली नाही. हेलिकॉप्टर दुसऱ्या सकाळी मुंबईला दुरुस्तीच्या तपासणीसाठी पोचवायचं होतं. मेकॅनिक गाडीनं पुढे गेला होता. मोठे कॅप्टन डहाणूच्या लॉजवरून म्हणाले, रिकामंच न्यायचंय, हवा स्वच्छ आहे, सातारा नेईल. त्या मैदानावरून ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती. तिनं वडिलांना चार वेळा फोन केला.

आणि त्या संध्याकाळी वारा उठला. सुरूची झाडं रानटी आवाज करायला लागली तसे तांडेल उठले, घरून हिरवा नायलॉनचा दोर घेऊन आले आणि हेलिकॉप्टर बांधलं. हेलिकॉप्टरच्या खाली दोन लांब दांड्या असतात, त्यांवर ते उभं राहतं. एक दोर जमिनीकडच्या दांडीला, एक समुद्राकडच्या, दोन्ही खुंट हातभर खोल ठोकलेले. मी घरी निघाले होते. जाता जाता म्हटलं, आता ह्यालाही सोडलं नाही का? ते म्हणाले, ही पण होडीच. पाण्याऐवजी वाऱ्यात घालतात इतकंच.

सकाळी हवा निवळलेली. मी टेबल लावत होते. सातारा आली, दाराच्या बाजूचा हिरवा दोर तिनं पाहिला, हसली आणि गुडघ्यावर बसून सोडायला लागली. सुटायला वेळ लागला, पण सुटला. तो गुंडाळून तिनं तांडेलांच्या हातात दिला, आत जाऊन बसली आणि पट्टा लावला. समुद्राकडच्या बाजूला ती गेलीच नाही. तिथं गवत होतं, पण दोर हिरवा असला तरी पोपटी, डोळ्यांत भरणारा. गेली असती तर दिसला असता.

तांडेल चुन्याच्या पांढऱ्या रेषेबाहेर उभे होते. पंखा फिरायला लागला की त्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही, कोणी हाक मारली तरी, असं मोठ्या कॅप्टननी त्यांना पढवलं होतं, आणि हा नियम ते देवासारखा पाळत. दुसरा दोर बांधलेला आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते गप्प होते. का, ते नंतर कळलं, आणि कळल्यावर मला राग यावा की हसू ते ठरवता आलं नाही. होडीचं आधी इंजिन चालू करतात आणि ते लागलं की मगच शेवटचा दोर सोडतात. आधी सोडला तर होडी प्रवाहाबरोबर भलतीकडे. त्यांना वाटलं, पोरगी जाणती आहे, इंजिन तापवतेय, आता उतरेल आणि शेवटचा दोर सोडेल.

ती उतरली नाही. आवाज बदलला आणि दांड्या जमिनीवरून हलक्या झाल्या तेव्हा तांडेल दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवायला लागले. तिनं आतून ते पाहिलं. आणि हसून, तिनंही हात हलवला.

मग जे झालं ते मोजून तीन-चार सेकंदांचं. जमिनीकडची दांडी वर आली, समुद्राकडची आली नाही. हेलिकॉप्टर खुंटाभोवती कलंडलं, पात्यांनी माती उडवली, पात्यांचे तुकडे झाले, एक तुकडा भणाणत येऊन भोंग्यात घुसला, आणि सगळं आडवं होऊन गप्प झालं. मी टेबलाखाली होते. कधी गेले ते आठवत नाही. डोकं बाहेर काढलं तर गुडघे गेलेले ते तांडेल रेषा ओलांडून धावत होते, असे की चाळिशीतला माणूस मागे पडला असता.

ती पट्ट्यात लटकली होती. पेट्रोलचा वास येत होता. पट्टा अडकला होता, आणि तांडेलांनी कमरेचा मासे कापायचा सुरा काढून तो एका झटक्यात कापला. काकी पुढे कितीदा तरी सांगायच्या, आयुष्यात यांनी एकच गाठ न सोडता कापली. मी आणि त्यांनी तिला ओढत बाहेर आणली, सुरूच्या झाडांपर्यंत नेली. मनगट सुजलं होतं, कपाळाला खरचटलं होतं, बाकी देवाच्या कृपेनं काही नाही. ती आडव्या हेलिकॉप्टरकडे बघत होती. पहिलं वाक्य बोलली ते हे, “काका, मी त्या बाजूला गेलेच नाही.”

मी तिला पाणी दिलं आणि पाण्याबरोबर बोललेही. एवढं साधं दिसू नये का, एवढे शिकलेले लोक तुम्ही, डोळे काय आभाळात ठेवून येता? जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून बोलले. पण बोलले.

दोन दिवसांनी अंधेरी, म्हणजे मॅनेजर, आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. दिल्लीहून चौकशीचे साहेब येणार होते. पायलटची चूक निघाली तर तिचं लायसन्स जाईल, बहुधा कायमचं, आणि एवढ्या कमी अनुभवाच्या मुलीवर मशीन कसं सोपवलं म्हणून कंपनीही गोत्यात. त्यापेक्षा राखणदारानं कोणाला न सांगता, दिसणार नाही असा दोर बांधला, एवढं त्याच्याकडून लिहून घ्या. तो रोजंदारीवरचा माणूस, त्याची नोकरी गेली तर गेली. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहा.

मला वाटलं तांडेल खवळतील. ते ऐकत बसले आणि म्हणाले, लिही तलासरी. मी म्हटलं, काका, तुम्ही लपवून कधी बांधलंय का काही? ते म्हणाले, जीव वाचला पोरीचा, आता पंख जातील. मी काय, मी कुठंपण दोर बांधीन.

मी लिहिलं, कारण मलाही तिचे पंख जायला नको होते. त्यांनी खाली सावकाश सही केली, एकेक अक्षर होडीच्या फळीवर रंगवल्यासारखं. कंपनीनं त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या जागी हजर. मी विचारलं, आता कशाला आलात? आडव्या हेलिकॉप्टरकडे बोट करून म्हणाले, तो दोर अजून बांधलेला हाय. नेणारा आल्याशिवाय मी जात नाय.

दिल्लीसाहेब आले ते भर दुपारी, टायसकट. तंबूत बसले, पाण्याला नको म्हणाले, आणि हिंदीतून मला म्हणाले वाचा. मी वाचून हिंदीत सांगितलं. दोर लपवून बांधला, पायलटची चूक नाही. अंधेरी मान डोलवत होते. कोपऱ्यात सातारा बसली होती, हात गळ्यात बांधलेला.

ती उठली आणि म्हणाली, हे खरं नाही. अंधेरींनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर खाली बसली असती. ती म्हणाली, दोर लपवलेला नव्हता. एक मीच माझ्या हातानं सोडला, दुसरीकडे फिरून पाहिलं नाही. पहिल्यांदा एकटी नेणार होते, कधी उडते असं झालं होतं. उडण्याआधी मशीनभोवती पूर्ण फेरी मारायची असते. मी नाही मारली.

झालं. मी मनात म्हटलं, गेली पोरगी. करायला गेलो काय आणि झालं भलतंच.

साहेबांनी कागद बाजूला सारला आणि तांडेलांना सरळ विचारलं, दोर लपवला होता का? तांडेलांनी साताऱ्याकडे पाहिलं, मग आडव्या हेलिकॉप्टरच्या दांडीवर अजून तश्शाच असलेल्या गाठीकडे. कागदावर खोटं लिहिणं त्यांना जमलं होतं. गाठीसमोर बसून बोलणं जमेना.

“दोर कोण लपवून बांधतो साहेब,” ते म्हणाले. “तो दिसावा म्हनूनच बांधतात.”

मग तुम्हाला माहीत होतं तर तुम्हीच का नाही सोडलात, असं साहेबांनी विचारलं. मी भाषांतर करायच्या आत तांडेल बोलायला लागले, आणि त्या दिवशी मला माझ्या पहिल्या दिवशीच्या पंक्चरचा अर्थ लागला.

“बांधणारा सोडत नाय. नेणारा सोडतो. त्याच्यासाठी दुसऱ्यानं सोडला तर तो सरळ चढून बसेल. दोर सोडायच्या निमित्तानं तरी मानूस होडीभोवती फिरतो. फिरला का फूट दिसते, फळी सुटलेली दिसते, जाळं अडकलेलं दिसतं. मी तरनाताठा असताना माझ्या भावानं मायेपोटी माझा दोर सोडून ठेवला. मी चढलो नि गेलो. तळाला भोक व्हतं. पोहत आलो. तवापासनं माया करायची तर बांधायची, सोडायची नाय.”

हे मी हिंदीत सांगितलं. साहेबांनी टाय सैल केला, पाणी मागितलं. मग म्हणाले, पायलटनं उडण्याआधी मशीनभोवती का फिरावं हे आमच्या पुस्तकात कितीतरी पानं भरून लिहिलंय, पण इतकं सरळ कोणी लिहिलं नाही. आणि लगेच, ते सरकारी माणूस होते म्हणून, तांडेलांनाही सुनावलं, विमान होडी नाही, बांधलंत तर त्यावर लाल फडकं लावायचं आणि पायलटला तोंडानं सांगायचं. तांडेलांनी कान धरले. साहेबांनी उठून ती गाठ सोडायचा प्रयत्न केला. दहा मिनिटं. नाही सुटली.

साताऱ्याचं लायसन्स कायमचं गेलं नाही. चूक लपवली नाही हे साहेबांनी कागदावर घातलं. काही महिने उडायचं नाही, पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा. ही बातमी आली तेव्हा तिनं आधी वडिलांना फोन लावला आणि मग काकींच्या गळ्यात पडून इतकी रडली की सुक्या बोंबलांचा वास तिच्या केसांतून दोन दिवस गेला नसणार. तांडेलांचं काय, तर कंपनीनं त्यांना परत घेतलं नाही. मग घोलवड स्वतः आले आणि अंधेरींना म्हणाले, मैदान माझं, राखणदारही माझा, पुढच्या वर्षी मैदान हवं असेल तर म्हाताऱ्यासकट घ्या. मैदान सगळ्यांनाच हवं होतं. मोडकं हेलिकॉप्टर न्यायला ट्रक आला तेव्हा ड्रायव्हरला ती हिरवी गाठ सोडायला लावली. तो पाऊण तास घाम गाळत होता आणि तांडेल त्याला चिकू खाऊ घालत होते.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक गाठीवर काकींच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं आलं. खुर्च्यांवर, पिंपावर, माझ्या स्कूटीवर. मैदान जत्रेसारखं दिसायचं.

त्या महिन्यांत सातारा अधूनमधून डहाणूला यायची. तांडेल पुतण्याची होडी ओढून बांधायचे आणि हिनं सोडायची. पहिल्यांदा पाऊण तास, मग वीस मिनिटं, मग दहा. सुटली की ती धावत येऊन सांगायची. ते विचारायचे, होडीच्या त्या अंगाला काय पाहिलंस? ती म्हणायची, रंग उडालाय, एक खिळा वर आलाय. ते मान हलवायचे, पण बराबर छे म्हणायचे नाहीत. मला थोडं बरं वाटायचं, हेही सांगून टाकते.

पुढच्या हंगामात नवं हेलिकॉप्टर आलं आणि ते चालवत आली सातारा, शेजारी मोठे कॅप्टन हाताची घडी घालून. उतरली, पंखा थांबला, आणि ती सरळ तांडेलांसमोर येऊन म्हणाली, आता तुम्ही चला. दोन वर्षं सगळ्यांनी आग्रह केला होता आणि ते म्हणत आले होते, पायाखाली पाणी नाय तिथं मी जात नाय. त्या दिवशी ते काकींकडे बघून म्हणाले, चिंचणी, डबा धर. आणि निघाले.

पण बसल्यावर त्यांनी पट्ट्यावरून आपला हिरवा दोर कमरेला गुंडाळला आणि सीटच्या दांडीला गाठ मारली. वर लाल फडकं. मोठे कॅप्टन काही बोलणार होते, मग मासे कापायचा सुरा ह्यांच्याच कमरेला आहे हे पाहून गप्प बसले. साताऱ्यानं दार लावलं, मशीनभोवती पूर्ण फेरी मारली, समुद्राकडच्या बाजूला वाकून हातानं दांडी चाचपली, आणि मग चढली.

ते वर गेले तेव्हा काकी देवाचं नाव घेत होत्या आणि मी भोंग्यावर हात ठेवून उभी होते, काही पुकारायचं नसताना. महालक्ष्मीच्या डोंगराकडे ठिपका झाला, परत आला, बोंबलांच्या ओळींवरून वळला आणि पीस उतरावं तसा उतरला. पंखा थांबला. मोठे कॅप्टन उतरले. तांडेल उतरेनात. काकींनी हाक मारली, घोलवडनी हाक मारली. म्हातारा जागचा हलेना. आम्हाला वाटलं, घाबरून गारठला की काय.

आतून आवाज आला, “मी बांधलीय. ज्यानं नेलं त्यानं सोडायचं.”

सातारा उतरली. घाई न करता ती पुढून गेली, शेपटाकडून वळली, समुद्राकडच्या अंगानं हात फिरवत आली, पूर्ण एक फेरी, आणि मग त्यांच्या दाराशी येऊन गाठीवर वाकली. मिनिटभरही लागलं नाही. दोर सुटला आणि तिनं तो गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

तांडेलांनी दोराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

“बराबर छे,” ते म्हणाले. “चल, डहाणू.”

डहाणू. त्यांच्या स्वतःच्या गावाचं नाव, चाळीस वर्षांच्या बायकोला जे मिळालं नाही ते तिला मिळालं. काकी डोळे पुसत हसत होत्या. मलाही राहवेना. मी होते तशी हातातल्या तिकीटबुकासकट त्यांच्याकडे धावत सुटले, तर मागून मोठा धडाका झाला. टेबल, पाण्याचा तांब्या, भोंगा, लाल फडकं, सगळं माझ्यामागे ओढत आलं आणि मी मैदानाच्या मधोमध तोंडघशी पडले. मान वर केली तर पांढऱ्या रेषेवर तांडेल उभे, कमरेवर हात ठेवून.

“तलासरी,” ते म्हणाले, “आधी फिरून बघ, सोड, मग धाव.”

आणि उचलायला कोणी आलं नाही, कारण सगळे जमिनीवर बसून हसत होते, त्यात सगळ्यात मोठ्यानं डहाणू. मग मी तशीच उठून बसले, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि सुतळी सोडायला घेतली.